मंडळीतल्या गटाचं प्रमुखपद नम्रतेनं कसं चालवावं: नाताळ समितीच्या उदाहरणासह

मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांच्या समुदायात, गटप्रमुख बहुतेकदा वार्षिक सभेत हात वर करून निवडला जातो. दुसऱ्या दिवसापासून त्यानं प्रेमानं आणि नम्रतेनं काम करावं अशी सगळ्यांची अपेक्षा असते, पण ते कसं करायचं हे त्याला कोणी सांगत नाही. मग गायनमंडळात दोन तट पडतात, संडेस्कूलच्या शिक्षिका एकेक करून येईनाशा होतात, नाताळच्या जेवणाचा हिशेब ईस्टरपर्यंत लागत नाही. यातले बरेच प्रमुख मनानं चांगले असतात. त्यांचा क्रम चुकतो. आधी ठरवतात, मग विचारतात. आधी ग्रुपवर लिहितात, मग त्या माणसाशी बोलतात. आधी काम अंगावर टाकतात, मग ते झेपेल का हे बघतात. कितीही हळू आवाजात बोलणारा प्रमुख असला, तरी हा क्रम चुकला की गटाला तो उद्धटच वाटतो.

पुढचे टप्पे नाताळ समिती डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत, कारण तिथे बारा-पंधरा माणसं, पैसा, ठरलेली तारीख आणि थकवा हे सगळं एकत्र येतं. गायनमंडळ, तरुण संघ, महिला मंडळ यांनाही हाच क्रम लागू पडतो. कॅथलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) पदांची नावं वेगळी असतील आणि पाळकसाहेबांच्या जागी फादर असतील, टप्पे बदलत नाहीत. नाताळसाठी पहिला टप्पा सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सुरू करावा. नोव्हेंबरात जागं झालेल्या प्रमुखाला सगळ्यांशी नीट बोलायला वेळच उरत नाही.

टप्पा १: काम हाती घेण्याआधीचा आठवडा

१. बायबलमधलं मार्क १०:४२–४५ वाचा. परराष्ट्रीयांचे अधिकारी सत्ता गाजवतात, तुमच्यात तसं नसावं, असं प्रभू तिथे शिष्यांना सांगतो. वाचून झाल्यावर, आपल्या हाती आलेल्या अधिकारातला कोणता भाग आपण वापरणार नाही हे कागदावर लिहा. तीन वाक्यं पुरेत. उदाहरणार्थ: व्यासपीठावरची कामं माझ्या घरच्यांना देणार नाही. गटाचे पैसे एकट्यानं हाताळणार नाही. कोणाची चूक चारचौघांत काढणार नाही. हा कागद गटाबाहेरच्या एका वडीलधाऱ्या माणसाकडे द्या आणि महिन्यातून एकदा त्यांनी तुम्हाला जाब विचारावा असं सांगून ठेवा.

२. गटात ज्याच्याशी तुमचं बोलणं बंद आहे किंवा नुसतं कामापुरतं आहे, त्याच्या घरी पहिल्या बैठकीआधी जा. मत्तय ५:२३–२४ प्रमाणे अर्पण वेदीजवळ ठेवून आधी भावाशी समेट करायचा आहे. हे राहिलं तर त्या माणसाला पुढे दिलेलं प्रत्येक काम त्याला सूड वाटेल आणि न दिलेलं प्रत्येक काम डावललं गेल्यासारखं वाटेल.

३. पाळकसाहेब आणि पंचकमिटी (मंडळीचा कारभार पाहणारी समिती) यांच्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: न विचारता किती रकमेपर्यंत खर्च करता येईल, गटात माणूस घ्यायचा किंवा कमी करायचा अधिकार कोणाचा, आणि तुम्ही अहवाल कोणाला द्यायचा. अधिकाराची हद्द माहीत नसली की भांडण होतं, आणि पुढे त्याला अहंकाराचं नाव दिलं जातं.

इशारा: ‘मी कुठला लायक, प्रभूच चालवील’ हे पहिल्या दिवशी एकदा म्हणणं ठीक आहे. दर बैठकीत म्हटलं की समोरच्यांना दर वेळी तुमची समजूत घालावी लागते, आणि निर्णय घ्यायची वेळ आली की हेच वाक्य आडोसा होतं. काम झेपणार नसेल तर आत्ताच नाही म्हणा. हो म्हटलं असेल, तर निर्णय घ्या आणि त्याची जबाबदारीही घ्या.

टप्पा २: बोलण्याआधी पाहणी

पडलेला तट पुन्हा बांधायला निघालेला नहेम्या यरुशलेमेत पोहोचला तेव्हा तीन दिवस काहीच बोलला नाही. मग रात्री मोजकी माणसं घेऊन त्यानं पडलेला तट फिरून पाहिला. अधिकाऱ्यांनाही तो कुठे गेला होता हे ठाऊक नव्हतं. ‘चला, तट बांधू या’ हे तो त्यानंतर म्हणाला (नहेम्या २:११–१७). नव्या प्रमुखानं पहिले दोन आठवडे काहीही बदलू नये आणि कशाचीही घोषणा करू नये.

या दोन आठवड्यांत प्रत्येकाला वेगवेगळं भेटा. माणशी वीस मिनिटं धरा. शक्यतो त्यांच्या घरी जा. उपासनेनंतर दारात गाठलं तर सगळे ‘छान चाललंय’ एवढंच म्हणतात. विचारायचं ते असं:

- गेल्या वर्षी तुमच्याकडे कोणतं काम होतं, आणि त्यात किती वेळ गेला?
- त्यातलं कोणतं पुन्हा करायला आवडेल? कोणतं नको वाटतं?
- डिसेंबरपर्यंत घरी काय आहे? परीक्षा, बाळंतपण, आजारपण, रात्रपाळी?

सर्वांत आधी कोणाला भेटायचं, यात प्रमुखाची नजर कळते. गेल्या वर्षी भांडी घासणाऱ्या बायकांकडे, कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या उचलणाऱ्या पोरांकडे आणि मधेच गट सोडून गेलेल्यांकडे आधी जा. व्यासपीठावर दिसणारी माणसं स्वतःहून तुमच्याकडे येतातच. मागच्या प्रमुखाकडेही जा. त्यांचं काम कसं चुकलं हे सांगायला जायचं नाही, काय जमलं ते ऐकायला जायचं.

ऐकताना उत्तर देऊ नका, मागच्या निर्णयांची बाजू मांडू नका, ‘बघतो, करू’ असं आश्वासनही देऊ नका. ऐकून घेण्याआधी उत्तर देणं हे मूर्खपण आहे, असं नीतिसूत्रे १८:१३ सांगतं. समोरच्याची हरकत नसेल तर त्यांच्यासमोरच वहीत लिहा.

तपासणी: वही उघडून प्रत्येक नावासमोर तुम्हाला आधी माहीत नसलेली एक तरी गोष्ट लिहिलेली आहे का? नसेल तर त्या भेटीत तुम्हीच बोलत होता.

टप्पा ३: कामाची वाटणी

प्रेषितांची कृत्ये ६:१–६ हा भाग समितीच्या प्रमुखानं सावकाश वाचावा. तक्रार पक्षपाताची होती: रोजच्या वाटपात ग्रीक भाषा बोलणाऱ्यांच्या विधवांकडे दुर्लक्ष होत होतं. प्रेषितांनी तक्रार खोटी ठरवली नाही. तक्रार करणाऱ्यांचा आत्मिक दर्जाही काढला नाही. वाढायचं काम स्वतःच्या अंगावरही घेतलं नाही. माणसं कशी असावीत हे सांगितलं, निवड मंडळीकडे सोपवली आणि निवडलेल्यांवर हात ठेवून काम पूर्णपणे त्यांच्या हवाली केलं. निवडलेल्या सातही जणांची नावं ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली त्यांच्याच भाषेच्या माणसांच्या हाती वाटप गेलं, असा त्याचा सरळ अर्थ लागतो. तुमच्याकडे ‘दूरच्या वस्तीतल्यांना जेवण उरलंसुरलं मिळतं’ अशी तक्रार असेल, तर पुढच्या वर्षी वाढपाची जबाबदारी त्याच वस्तीतल्या कोणाकडे तरी असू द्या.

वाटणीची पद्धत:

१. सगळी कामं एका मोठ्या कागदावर लिहा. दिसणारी आणि न दिसणारी, दोन्ही: नाटिका, गाणी, कॅरलच्या घरांची यादी, तारा आणि दिवे, साउंड, मांडव, पिण्याचं पाणी, भांडी, संडासची सफाई, वयस्करांना घरून आणणं आणि पोहोचवणं, हिशेब.

२. प्रत्येक कामासमोर चार गोष्टी भरा: जबाबदार माणूस एक, मदतनीस एक, तारीख, खर्चाची मर्यादा. जबाबदार म्हणून दोन नावं लिहिली की दोघांनाही वाटतं की दुसरा बघतोय.

३. जे काम कोणालाच नको असतं, त्यातल्या एकासमोर प्रमुखानं आपलं नाव स्वतः लिहावं आणि हंगामभर ते निभवावं. योहान १३ मध्ये प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले ते जेवणाच्या वेळी, सगळ्यांसमोर, आणि त्यात त्याला धरून देणाऱ्या यहूदाचेही पाय होते. मात्र एकच काम घ्या. सगळीकडे हात घालणारा प्रमुख बाकीच्यांना रिकामं बसवतो. मोशे दिवसभर एकटाच न्याय करत बसला, तेव्हा त्याचा सासरा इथ्रो यानं ‘तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील’ असं त्याला तोंडावर सांगितलं (निर्गम १८:१७–१८).

४. हलकी समजली जाणारी कामं पाळीपाळीनं फिरवा. बायका स्वयंपाकघरात, पोरं खुर्च्यांना आणि पुरुष माइकपाशी, ही वाटणी कोणी मुद्दाम करत नाही. ती आपोआप होते, म्हणून ती मुद्दाम मोडावी लागते.

इशारा: थकलेल्या माणसाला ‘सेवा आहे, प्रभूसाठी करायचं’ म्हणून गप्प बसवू नका. चर्चचा शिपाई पगारी असेल तर नाताळात त्याच्याकडून जास्तीचे तास फुकट करून घेऊ नका. मजुरीच्या बाबतीत याकोब ५:४ फार कडक आहे.

दिलेलं काम परत घ्यायचं नाही. कॅरलची गाणी निवडायचं काम तरुणांना दिलं असेल, तर यादी आल्यावर ‘छान आहे, फक्त ही चार बदला’ म्हणू नका. तुमच्या अटी असतील तर त्या आधी सांगा: ‘उपासना संगीत’ या गीतपुस्तकातली किमान इतकी गीतं हवीत, एकूण वेळ इतका. नंतर हात लावला की पुढच्या वर्षी यादी करायला कोणी पुढे येणार नाही.

टप्पा ४: बैठक

वेळ एक तास, फार तर सव्वा तास. विषय दोन दिवस आधी कळवा. तीनपेक्षा जास्त विषय घेऊ नका. बैठक ठरल्या वेळी सुरू करा. वेळेवर आलेल्याला अर्धा तास ताटकळत ठेवणं हाही त्याचा अपमानच आहे.

चर्चेचा क्रम असा ठेवा. विषय मांडणारा दोन मिनिटांत विषय मांडतो. मग सगळ्यांत लहान किंवा सगळ्यांत नवा माणूस आधी बोलतो, मग बाकीचे, आणि प्रमुख शेवटी. प्रमुखानं आपलं मत आधी सांगितलं की ज्येष्ठ मान डोलावतात, तरुण गप्प बसतात आणि खरी चर्चा फाटकाबाहेर स्कूटरजवळ होते. कोणी दोन फेऱ्यांत बोललंच नाही, तर नाव घेऊन पण दबाव न टाकता विचारा: ‘ताई, स्वयंपाकाच्या बाजूनं हे जमेल का?’

‘प्रभूनं मला दाखवलंय’ हे वाक्य प्रमुखानं बैठकीत वापरू नये. त्यानंतर कोणी विरोधात बोलला, तर तो देवाविरुद्ध बोलल्यासारखा ठरतो. प्रेषितांच्या काळातल्या यरुशलेमेच्या सभेनं ‘पवित्र आत्म्याला आणि आम्हाला योग्य वाटलं’ असं लिहिलं, पण ते पुष्कळ वादविवाद झाल्यानंतर (प्रेषितांची कृत्ये १५:७, २८). आधी वाद होऊ द्या.

प्रार्थनेबद्दल स्पष्ट बोलायला हवं. शेवटच्या प्रार्थनेत ‘प्रभू, जे वेळेवर येत नाहीत त्यांना सुबुद्धी दे’ असं म्हणणं म्हणजे डोळे मिटून मारलेला टोमणा आहे. ज्याला लागतो त्याला उत्तरही देता येत नाही. ‘प्रार्थनेचा विषय’ म्हणून एखाद्याच्या घरची गोष्ट सांगणं ही चहाडीच. बैठकीतली प्रार्थना छोटी ठेवा, आणि कोणाबद्दल काही सांगायचं असेल तर ते त्याच्याशी बोला.

एकमत झालं नाही आणि विषय थांबण्यासारखा असेल, तर एक आठवडा थांबा. थांबण्यासारखा नसेल तर प्रमुखानं निर्णय द्यावा, कारण सांगावं, आणि विरोधातलं मतही कार्यवृत्तात लिहावं. कार्यवृत्त त्याच रात्री पाठवा: काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत.

तपासणी: तासाभराच्या बैठकीत तुम्ही स्वतः पंधरा मिनिटांपेक्षा जास्त बोललात का? शेजारच्याला घड्याळाकडे लक्ष ठेवायला सांगून बघा.

टप्पा ५: चूक दाखवणं

सर्वांत जास्त गट इथे मोडतात. काही प्रमुख सगळ्यांसमोर बोलतात. काही ‘कृपा’ म्हणून कधीच बोलत नाहीत आणि आत साठवत राहतात. मग डिसेंबरच्या वीस तारखेला तीन महिन्यांचं एकदम बाहेर येतं. मत्तय १८:१५–१७ मध्ये पायऱ्या दिल्या आहेत, आणि त्यांचा क्रम बदलायचा नाही.

समजा, साउंडवाल्याला सांगायचं काम एका सभासदाकडे होतं. शनिवारी साउंड आलाच नाही आणि सराव वाया गेला.

१. त्या संध्याकाळी काही बोलू नका, काही लिहू नका. राग घेऊन झोपूही नका (इफिस ४:२६), तो प्रार्थनेत देवासमोर मोकळा करा. एक रात्र जाऊ द्या, पण तीन दिवसांपेक्षा जास्त लांबवू नका.

२. माहिती तपासा. निरोप खरंच पोहोचला होता का? तारीख मधे बदलली होती का?

३. आपल्या डोळ्यातलं मुसळ शोधा (मत्तय ७:३–५). शुक्रवारी आठवण करणं तुमचं काम होतं आणि तुम्ही ते केलं नाही, असंही निघेल.

४. एकटे जा, समोरासमोर बसून बोला. फोन चालेल तो फक्त माणूस गावाला असेल तर. व्हॉट्सअ‍ॅप कधीच नाही. स्त्री-पुरुषांनी बोलायचं असेल तर जिथे इतरांना दिसतं पण ऐकू जात नाही अशी जागा निवडा: उघड्या दाराची खोली किंवा चर्चचं आवार.

५. झालं ते सांगा, परिणाम सांगा, मग विचारा. ‘दादा, शनिवारी सहाला साउंड यायचा होता, आला नाही. मुलं तासभर बसून राहिली. शुक्रवारी मीही आठवण केली नाही, तेवढं माझं चुकलं. तुमच्याकडे काय झालं होतं?’ यानंतर गप्प बसा. शांतता असह्य वाटली तरी बसा.

६. एका भेटीत एकच गोष्ट. ‘आणि गेल्या वर्षीसुद्धा...’ अशी सुरुवात झाली की त्या माणसाला सुधारायला नव्हे, दोषी ठरवायला तुम्ही आलात असं वाटतं.

७. पुढे काय, ते दोघांनी मिळून ठरवा. दोन-तीन दिवसांनी फोन करा आणि कामाआधी त्याची विचारपूस करा.

८. हे बोलणं तिथेच ठेवा. घरी जोडीदारालाही सांगू नका. पाळकसाहेबांना ‘फक्त कानावर घालणं’ म्हणजेही पायरी ओलांडणं.

समोरचा वयानं मोठा असेल तर १ तीमथ्य ५:१ प्रमाणे वडिलांशी बोलतो तसं बोला: ‘काका, मला जरा समजावून सांगाल का?’ सौम्यतेनं सावरावं आणि आपणही मोहात पडू नये म्हणून स्वतःकडे लक्ष ठेवावं, हे गलती ६:१ सांगतं. इथला मोह बहुतेकदा एकच असतो: आपण त्याच्यापेक्षा बरे आहोत असं वाटणं.

ऐकलं नाही, तर दुसरी पायरी: एक किंवा दोन माणसं बरोबर घ्या. ती त्या सभासदाचा विश्वास असलेली हवीत. आपले दोन मित्र घेऊन गेलात तर तो घेराव होतो. तरीही नाही जमलं, तरच पंचकमिटी. अंत्युखियात प्रेषित पौलानं प्रेषित पेत्राला सगळ्यांसमोर विरोध केला (गलती २:११–१४), हे उदाहरण उघड बोलण्यासाठी नेहमी पुढे केलं जातं. तिथे चूक सगळ्यांसमोर झाली होती आणि तिनं इतरांनाही ओढलं होतं. साउंडवाला न येणं हे त्यातलं नाही.

मोठा इशारा: संडेस्कूलमध्ये किंवा कुठेही मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं किंवा तशी शंका आली, तर ‘आधी एकट्यानं जाऊन बोल’ ही पायरी तिथे लागू नाही. पॉक्सो कायदा, २०१२ च्या कलम १९ प्रमाणे ते पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. चाइल्डलाइनचा क्रमांक १०९८. आरोपीला समज देऊन, रडून प्रार्थना करून, ‘मंडळीचं नाव जाईल’ म्हणून मिटवून टाकणं ही कृपा नव्हे. त्या मुलावर तो दुसरा अन्याय आहे.

टप्पा ६: स्वतःची चूक झाली तर

जितक्या माणसांसमोर चूक झाली, तितक्या माणसांसमोर माफी मागा. बैठकीत आवाज चढवला असेल तर बैठकीतच. चार वाक्यं लागतात: मी काय केलं, त्यानं तुम्हाला काय झालं, मला क्षमा करा, आता मी हे असं दुरुस्त करतो. ‘पण’ हा शब्द आला तर पुन्हा सुरुवातीपासून. ‘कोणाला वाईट वाटलं असेल तर’ हेही चालत नाही, कारण वाईट वाटलंय हे तुम्हाला माहीत आहे. क्षमा लगेच मिळालीच पाहिजे असा आग्रह धरू नका, आणि समोरच्याला ‘प्रभूनं क्षमा करायला सांगितलंय’ याची आठवण तर मुळीच करून देऊ नका.

टप्पा ७: पैसा

करिंथच्या मंडळीकडून येणारी वर्गणी नेताना पौलानं आपला सहकारी तीत याच्याबरोबर आणखी भाऊ पाठवले, आपल्यावर कोणी बोट ठेवू नये म्हणून (२ करिंथ ८:१६–२२). विश्वासू माणसालाही जोडीदार द्यायचा असतो, त्यात त्याचा अपमान नाही. कॅरलच्या घरोघरच्या अर्पणाची पेटी त्याच रात्री, एका घरातल्या नसलेल्या दोन माणसांनी मोजावी, आकडा शाईनं लिहावा, दोघांनी सही करावी. प्रत्येक खर्चाला पावती. पावती मिळत नसेल तिथे व्हाउचर आणि घेणाऱ्याची सही. हिशेब ६ जानेवारीच्या आत सूचना फलकावर लावा. प्रमुखाचा स्वतःचा खर्च दुसऱ्या कोणीतरी मंजूर करावा.

टप्पा ८: आभार आणि सोपवणं

‘सर्वांचे आभार’ म्हटलं की कोणाचेच आभार मानले जात नाहीत. नाव आणि काम, दोन्ही घ्या, आणि सुरुवात स्वयंपाकघरापासून करा. माइकवर न येणाऱ्यांना हातानं लिहिलेली चिठ्ठी द्या. स्वतःचं नाव यादीत आलं तर वाद घालत बसू नका. ‘धन्यवाद’ म्हणा आणि खाली बसा.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात एक बैठक घ्या: काय जमलं, काय नाही, कोण थकलं. मधे गट सोडून गेलेल्यालाही बोलावा. मार्कानं पंफुल्यात साथ सोडली म्हणून पौलानं त्याला पुढच्या प्रवासात नेलं नाही, त्यावरून आपला साथीदार बर्णबा याच्याशी पौलाचा तीव्र वादही झाला. पण शेवटच्या दिवसांत ‘मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे’ असं लिहिणारा पौलच (२ तीमथ्य ४:११). त्या माणसाला परत यायला लाज वाटणार नाही, इतकी वाट मोकळी ठेवा.

पुढच्या वर्षीचा प्रमुख ऑक्टोबरपासूनच तुमचा मदतनीस असायला हवा. त्याला एक फाइल द्या: कामांचा कागद, कार्यवृत्तं, साउंडवाला, मांडववाला आणि आचाऱ्याचे नंबर व दर, किती माणसांना किती तांदूळ लागला, काय उरलं. भेटींची वही मात्र देऊ नका, ती तुम्हाला विश्वासानं सांगितलेली आहे. त्याच्या पहिल्या बैठकीला जाऊ नका. तो विचारेल तेव्हाच सांगा, आणि त्यानं तुमची पद्धत बदलली तर खुर्च्या उचलायच्या यादीत आपलं नाव घालून या.